सात नंबरचं लेथ कोण पुसणार?

अन्याय उस्मान शेखवर झाला. सत्तावन्न साली, पोळ्याच्या आधीच्या शनिवारी, दुपारी साडेतीन वाजता, चिंचवडच्या आमच्या कारखान्याच्या फाटकावर, सगळी सकाळपाळी उभी असताना. करणारा मालक नव्हता. करणारा मी होतो.

पत्रकाच्या पहिल्या परिच्छेदात अन्याय करणाऱ्याचं नाव आलं पाहिजे, अशी आमच्या युनियनची शिस्त आहे. ती इथेही पाळतो. मी दत्तात्रय, रहाटणीचा, याच कारखान्यात लेथवर लोखंड कातणारा टर्नर, आणि युनियनची पत्रकं लिहिणारा. पुढे जे लिहिलंय ते माझ्या आजारपणाचं आहे. पण माझा आजार उस्मानपासून सुरू होतो, म्हणून आधी तो.

शनिवारचा अर्धा तास

आमच्या खात्यात शनिवारी तीन वाजता सगळी लेथं फिरवणारा वरचा मोठा पट्टा थांबतो. पाळी सुटायला अर्धा तास असतो. त्यात प्रत्येकाने आपापलं लेथ साफ करायचं. लोखंडाचा कीस झाडायचा, घासलेटाने बेड, म्हणजे लेथचा खालचा लांब पाट, पुसायचा, तेल सोडायचं. हा अर्धा तास पगारी असावा म्हणून आम्ही भांडलो होतो. तेव्हा मीच लिहिलं होतं : "मशीन मोडल्यावर धावाधाव करणं हा मालकाचा आळस. मोडण्याआधी तेल घालणं हे कामगाराचं शहाणपण." वाक्य सगळ्यांना आवडलं. लोखंडाबद्दल होतं ना.

याला जोडून आमचा एक न लिहिलेला कायदा आहे. दुसऱ्याच्या लेथला हात लावायचा नाही. आजारी असो, घाईत असो, ज्याचं त्याने पुसायचं. दुसऱ्याचं लेथ पुसणं म्हणजे त्याच्या ताटात हात घालणं. आणि शनिवारी ज्याचं लेथ घाण राहिलं, तो सोमवारी टोमण्यांना पात्र.

त्या उन्हाळ्यात आठ नंबरच्या टर्नरचा हात पट्ट्यात गेला. शेजारी सात नंबरवर उस्मान होता. बटण त्याने बंद केलं. सगळे म्हणाले, उस्मानभाई होते म्हणून माणूस वाचला. उस्मान म्हणाला, "मी आधी त्याच्याकडं बघितलं, मग बटणाकडं." हेच तो दुसऱ्या दिवशी म्हणाला. हेच महिन्याने. चहाला बसलं की हेच.

"अहो भाई, झालं ते झालं. मर्दासारखं ऱ्हावा," असं त्याला सांगणाऱ्यांत मीही होतो.

हाताची भरपाई आम्ही लढून मिळवली. ज्याने हात जाताना पाहिला, त्याच्यासाठी कायद्यात रकाना नव्हता. तो असावा असं आम्हालाही सुचलं नाही.

फाटकावर

जूनमध्ये वेल्फेअर ऑफिसरने पुण्याहून एक डॉक्टर आणले. मनाचे डॉक्टर. दर शनिवारी तीनला यायचे, टाइम ऑफिसशेजारच्या खोलीत बसायचे. ज्याला झोप नाही, ज्याचा जीव घाबरा होतो, ज्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरते, त्याने येऊन बोलावं अशी नोटीस लागली. नोटिशीत शेवटी लिहिलं होतं, "आजार वाढण्याआधी यावे."

त्याआधीच्या वर्षी डोळे तपासायच्या नावाखाली आमच्या दोन जुन्या माणसांना कंपनीने घरी बसवलं होतं. त्यामुळे मला संशय आला, आणि तो येणं चूक नव्हतं. खोली टाइम ऑफिसच्या तोंडाशी. कोण आत जातो ते कारकुनाला खुर्चीतून दिसणार. या दोन गोष्टींवर मी पत्रक लिहायला हवं होतं. खोली हलवा म्हणायला हवं होतं. मी लिहिलं ते वेगळंच. मथळा होता, "आम्ही वेडे नाही!" आणि आत होतं, "जो कामगार त्या खोलीत बसतो, तो आपल्या घराची किल्ली मालकाच्या हातात देतो."

त्या खोलीत मी एकदाही गेलो नव्हतो. डॉक्टरांशी एक शब्द बोललो नव्हतो.

जाणारा एकटा उस्मान, तोही श्रावण लागल्यावर. तीन शनिवार गेला. तीनला पट्टा थांबला की निघायचा, आणि सात नंबरचं लेथ तसंच राहायचं, कीस पसरलेलं. कायद्याप्रमाणे कोणी हात लावला नाही. दुसऱ्या शनिवारी कोणीतरी लेथवर खडूने लिहिलं : "मशीन राहू द्या, धनी मेंदू पुसायला गेलेत." खातं हसलं. मीही हसलो.

चौथ्या शनिवारी आम्ही फाटकावर सभा घेतली. मी स्टुलावर चढून पत्रक वाचलं आणि मग, जोर आला होता म्हणून, उस्मानला पुढे बोलावलं.

"उस्मानभाई, सगळ्यांसमोर सांगा. त्या खोलीत काय काय विचारतात?"

"विचारत न्हाईत काही, राव," उस्मान म्हणाला. "ऐकतात."

"ऐकून लिवत्यात कुठं?" मागून कोणीतरी ओरडलं. पुन्हा हशा.

"भाई, आठ नंबरचा हात गेला तेव्हा युनियन लढली की डॉक्टर लढला?" मी विचारलं.

"युनियन."

"मग सांगा. परत जाणार का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. माणूस बस सुटताना ड्रायव्हरकडे पाहतो, तसं. मग उजवा हात वर केला आणि म्हणाला, "न्हाई जाणार."

पहिली टाळी मी वाजवली.

डॉक्टर पुढचे दोन शनिवार रिकाम्या खोलीत बसून गेले. मग यायचे थांबले. कंपनीने सुटकेचा निःश्वास टाकला असेल. खोलीत सायकली ठेवायला लागले. मी ते युनियनचा विजय म्हणून छापलं.

खंडेनवमी

खंडेनवमीला आम्ही मशीनची पूजा करतो. उस्मान दर वर्षी आपल्या लेथला झेंडू घालायचा, नारळ आम्हा कोणाला तरी फोडायला सांगायचा. त्याही वर्षी माळ घातली. दसऱ्याची सुट्टी झाल्यावर पट्टा सुरू झाला, माळा निघाल्या. सात नंबरची निघेना. उस्मान सात आणि आठच्या मधे दोन्ही हात पसरून उभा राहिला आणि कोणाला मशीनजवळ येऊ देईना.

"हात आत घ्या," तो म्हणत होता. "हात आत घ्या. हात आत घ्या."

चौघांनी धरून नेला. एक पाय मी धरला होता. कंपनीच्या ट्रकातून त्याला पुण्याच्या बाजूला वेड्यांच्या इस्पितळात पोचवलं आणि त्याच आठवड्यात त्याच्या नावापुढे 'अनफिट' लिहिलं. आम्ही निषेधाचं पत्रक काढलं. तेही मीच लिहिलं, आणि चांगलं लिहिलं.

चार दिवसांनी जुलेखाभाभी, उस्मानची बायको, फाटकावर आली. हातात माझं जुनं पत्रक, घडी पडून मऊ झालेलं.

"भाऊ, हे कोणी लिवलं?"

मी म्हणालो, "समितीनं."

"हां," ती म्हणाली. "तीन शनिवार आमचा माणूस घरी येऊन जेवला आणि झोपला. चार महिन्यांत तेवढ्याच तीन रात्री. तुमच्या समितीला सांगा."

समितीला मी काही सांगितलं नाही.

गुलाबी औषध

माझं कधी सुरू झालं ते नेमकं सांगता येत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे दिवस होते. पिंपरीत, देहूरोडला मी बोलत होतो, लोक टाळ्या देत होते, आणि मला माझा आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा वाटायचा. मग जेवण चिकणमातीसारखं लागायला लागलं. पहाटे चारला जाग यायची आणि छातीवर जातं ठेवल्यासारखं वाटायचं. संक्रांतीच्या सुमारास एक पत्रक लिहायला बसलो. सायक्लोस्टाइलचं स्टेन्सिल पुढे, हातात टोचणी. दुपारभर बसलो. एक अक्षर उमटलं नाही. ज्या माणसाला आयुष्यात दुसरं काही येत नाही, त्याला तेवढंही येईना.

कारखान्याच्या दवाखान्यात गेलो आणि म्हणालो, पोट दुखतंय.

आमच्याकडे सगळे हेच म्हणतात. झोप नाही, पोट दुखतं. बायको गेली, पोट दुखतं. रडू थांबत नाही, पोट दुखतं. कंपाउंडर सगळ्यांना एकाच बरणीतलं गुलाबी औषध देतो. खरं बोललं तर 'अनफिट'चा शिक्का लागतो, आणि त्याहून वाईट म्हणजे लेथवर खडूने ओळ उमटते. हा धाक मालकाने घातला, हे अर्धं खरं आहे. उरलेला अर्धा आम्ही घातला. मी तर तो छापून वाटला.

दोन महिने गुलाबी औषध प्यालो.

फाल्गुनात एका संध्याकाळी पवनेच्या काठावर उभा होतो. डोहाकडे पाहत होतो. मला पाण्याची भीती वाटली नाही. ती वाटत नाही, याचीच एकदम भीती वाटली आणि मी खाली बसलो. थोरला भाऊ शोधत आला. त्याने दंडाला धरून उठवलं. "चल. आय ताट वाढून बसलीया."

घरी त्याने आईला सांगितलं, "ह्याला बाहेरचं झालंय." दुसऱ्या दिवशी देवऋषी आला. अंगारा, लिंबू, सगळं झालं. मी प्रतिकार केला नाही. एरवी अंधश्रद्धेवर चार पानं लिहिणारा मी, गुमान डोळे मिटून बसलो.

तिसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावर जुलेखाभाभी आली. दर आठवड्याला ती इस्पितळात जायची, तिथेच तिला ते पुण्याचे डॉक्टर पुन्हा भेटले होते. ती माझ्याशी बोलली नाही. आईशी बोलली.

"मावशी, आमच्या माणसाला उशीर झाला. तुमच्या पोराला नका करू."

जाताना माझ्यापाशी थांबली. "पत्रक तुमीच लिवलं, ते मला तवाच कळलं. समिती अशी खाली बघून बोलत न्हाई."

खुर्ची

भावाने मला पुण्याला नेलं. डॉक्टरांनी मला ओळखलं.

"फाटकावरचे तुम्हीच ना? पत्रक ठेवलंय मी. भाषा फार चांगली आहे."

टोमणा मारला असता तर परवडलं असतं. ते मनापासून म्हणाले.

मी विचारलं, "उस्मानभाई तुमच्याशी बोलायचे, ते तुम्ही मालकाला काय सांगत होता?"

"उस्मानभाई काय बोलले ते मी तुम्हालाही सांगणार नाही," ते म्हणाले. "त्यावरून ओळखा, मालकाला काय सांगितलं असेल."

मग त्यांनी मला बोलू दिलं. मी तासभर बोललो असेन. मधे भाऊ उठून बाहेर जाऊन आला. शेवटी डॉक्टर म्हणाले, हा आजार आहे, याला नाव आहे, आणि तो बरा होतो. पण वेळ लागेल.

"म्हंजी येडाच झालाय म्हना की," भाऊ म्हणाला.

"ताप आलेल्याला तुम्ही मेला म्हणता का?"

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "सहा महिन्यांपूर्वी आला असता तर या खुर्चीवर भागलं असतं. शनिवारी येऊन बोलून गेला असता, सोमवारी कामावर गेला असता. आता खाट लागेल."

सहा महिन्यांपूर्वी ती खुर्ची माझ्या लेथपासून हाकेवर होती. तिच्याकडे जाणारी वाट मी बंद करून ठेवली होती.

नाडी

वेड्यांच्या इस्पितळात आत गेल्यावर पहिल्यांदा पायजम्याची नाडी काढून घेतात. कोणी गळफास घेऊ नये म्हणून. कारण रास्त आहे, पण मग दिवसभर एका हाताने पायजमा धरून फिरावं लागतं. घंटेला उठा, रांगेत उभे राहा, मोजणी द्या, ॲल्युमिनियमच्या मगात चहा घ्या, सगळं एका हाताने. सभेत ज्या हाताने मी मूठ उगारायचो, तो हात कमरेला अडकला. ज्याने ते पाहिलं नाही, त्याला ते हास्यास्पद वाटेल. मला पहिले तीन दिवस फक्त त्याचंच रडू येत होतं.

वॉर्डात भिकाजी नावाचा कोकणातला परिचारक होता. चौथ्या दिवशी तो समोर येऊन उभा राहिला.

"अरे मेल्या, हात अडकान ऱ्हवलो तर जेवतलस कसो?"

त्याने माझ्या पायजम्याचं कापड गोळा केलं, पीळ दिला, आत खोचलं. "ह्या बघ. नाडयेचो बाप."

पायजमा टिकला. त्या दुपारी मी दोन हातांनी जेवलो. या सबंध आजारपणात माझ्यावर झालेला हा सगळ्यात मोठा उपकार आहे.

विजेच्या उपचाराबद्दल लिहीत नाही. फारसं आठवत नाही, आणि आठवतं ते सांगून कोणाचं भलं होणार नाही. बुधवारी डॉक्टर यायचे, खाटेशेजारी बसायचे, ऐकायचे. त्याने हळूहळू जेवणाला चव आली. आधी मिठाची, मग बाकीची.

बाकडं

उस्मान पलीकडच्या वॉर्डात होता. दुपारी सगळ्यांना एकाच अंगणात सोडायचे. तिथे कडुनिंबाखाली एक लाकडी बाकडं होतं. उस्मान त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसायचा आणि सदऱ्याच्या टोकाने ते पुसायचा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, लेथचा बेड पुसावा तसं. मग बोटाने तेल सोडल्यासारखं करायचा. मग पुन्हा पहिल्यापासून.

मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. "उस्मानभाई, मी दत्तू."

त्याने पाहिलं नाही.

मी रोज जाऊन बसायला लागलो. कारखान्याच्या गोष्टी सांगितल्या. आठ नंबरवाल्याला गोदामात काम मिळालं, तो डाव्या हाताने लिहायला शिकला, हे सांगितलं. एके दिवशी सांगितलं की पत्रक समितीने लिहिलं नव्हतं. फाटकावर तुम्हाला उभं केलं, ते मी. टाळी पहिली माझी. माफी मागितली. तो पुसत राहिला.

मग मला दुसरं काही सुचलं नाही. मी माझ्या सदऱ्याचं टोक धरलं आणि त्याच्या शेजारी बसून ते बाकडं पुसायला लागलो.

त्याचा हात थांबला. त्याने माझं मनगट धरलं, उचललं आणि बाजूला ठेवलं. जोर केला नाही. ज्याचं त्याने पुसायचं. घर गेलं, बायकोला ओळखेना, स्वतःचं नाव गेलं. आमचा कायदा तेवढा त्याच्यात शाबूत राहिला होता.

मी तिथे असेपर्यंत त्याने माझ्याशी एवढाच व्यवहार केला.

घर

सात आठवड्यांनी मी सुटलो. बरा झालो असं लिहायचा मोह होतो. मी उठतो, जेवतो, काम करतो. महिन्यातले काही दिवस छातीवरचं जातं परत येतं. तेव्हा मी पुण्याला जाऊन खुर्चीवर बसतो. आता जातं जड होण्याआधी जातो. माझ्या आजारपणातून मी शिकलो ते एवढंच आहे, आणि ते आमच्या खात्यात लेथला लहानपणापासून माहीत असतं.

धाकट्या बहिणीची, कमलची, माण गावच्या एका घरी सोयरीक ठरत आली होती. ती मोडली. निरोप्या म्हणाला, मुलीकडं डोक्याचा आजार हाय असं कळलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "पोट दुकतंय म्हनून सांगितलं असतंस, तर काय बिगडलं असतं?"

दोन महिने मी तेच सांगत होतो. हेच तर सगळं बिघडलं होतं. कमल चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "आये, पोटानंच मेला असता त्यो." आणि उठून पाण्याला गेली. तिचं लग्न अजून ठरलेलं नाही. ते माझ्या माथ्यावर आहे.

युनियन आडवी आली म्हणून मला 'अनफिट'चा शिक्का बसला नाही. कामावर पहिल्या दिवशी माझ्या लेथवर खडूची ओळ होती. काय होती ते लिहीत नाही. मी ती पुसली.

डॉक्टरांना मी विचारलं, उस्मान परत येईल का. त्यांनी माझी समजूत घातली नाही. म्हणाले, "आशा मोठी नाही. मी जातो दर बुधवारी." जुलेखाभाभी दर रविवारी डबा घेऊन जाते. तो डबा खातो, डब्याचं झाकण पुसून परत देतो.

मागणी

मालकाकडे काय मागायचं ते युनियनच्या बैठकीत मी मांडलंय. डॉक्टरांना परत बोलवा, खोली टाइम ऑफिसपासून लांब द्या, तिला मागून दार द्या, आणि तिथे गेलेल्याला 'अनफिट' लावायचं नाही हे लिहून द्या. बैठकीत दोघे हसले. एक म्हणाला, "दत्तू, तुझी गोष्ट येगळी हाय भावा." माझी गोष्ट वेगळी नाही. मागणी मंजूर होईल तेव्हा होईल, आणि बहुधा उशिराच होईल. ती मी लढवत राहीन.

हा कागद मात्र मालकासाठी लिहिलेला नाही. तो तुझ्यासाठी आहे, भावा. तुझी झोप उडाली असेल तर दवाखान्यात पोट सांगू नकोस. डॉक्टर शनिवारी पुण्यात बसतात. जुलेखाभाभीला पत्ता माहीत आहे, मलाही आहे. मला विचारायची लाज वाटली तर तिला विचार. अजून कामावर येतोयस, अजून चहा गोड लागतोय, तोवरच जा.

आणि तुला काही झालेलं नसेल, तर येत्या शनिवारी तीन वाजता पट्टा थांबला की डाव्या-उजव्या बाजूला बघ. शेजारचा माणूस निघून गेला असेल, लेथ तसंच टाकून. कुठे गेला विचारू नकोस. खडू उचलू नकोस. आपला कायदा मोड. घासलेट घे, चिंधी घे, आणि त्याचं लेथ पुस.